दात्याच्या लेखाविना एक ग्रंथभेट : केळुसकरांचे बुद्धचरित्र आणि डॉ. आंबेडकर

१

ग्रंथ भेट देण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे. परंतु भेट दिलेल्या ग्रंथावर दात्याने आपले नाव, ज्यास तो दिला त्याचे नाव आणि तिथी घालावी, ही रीत मुद्रणयुगात रुळली. व्हिक्टोरिया राणीच्या कारकीर्दीत इंग्लंडमध्ये कादंबरी हा प्रतिष्ठित वाङ्मयप्रकार झाला, तसा कादंबरीचे अर्पण हाही एक सार्वजनिक शिष्टाचार झाला. चार्ल्स डिकन्स याने 'अ टेल ऑफ टू सिटीज' ही कादंबरी १८५९ मध्ये लॉर्ड जॉन रसेल यांस अर्पण केली. रसेल हे १८४६ ते १८५२ या काळात इंग्लंडचे पंतप्रधान होते व पुढे १८६५ मध्ये ते पुन्हा त्या पदावर आले. अशा प्रकरणात इतिहासकारास फारसे श्रम पडत नाहीत. लेखक विख्यात, मुत्सद्दी विख्यात, अर्पणाचा मजकूर छापील आणि वर्ष निर्विवाद. अर्पण झाले तेव्हा ज्यास ते झाले त्याचे थोरपण जगाला आधीच मान्य झालेले होते.

त्याच कारकीर्दीच्या अखेरीस मराठीत निर्माण झालेल्या एका ग्रंथाच्या भेटीचा इतिहास याहून अगदी निराळा आहे. कृष्णराव अर्जुन केळुसकर यांचे गौतम बुद्धाचे चरित्र १८९८ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे काही वर्षांनी त्याची एक प्रत त्यांनी मुंबईतील एका शाळकरी मुलास भरसभेत दिली. तो मुलगा म्हणजे भीमराव रामजी आंबेडकर. येथे ग्रंथ मुत्सद्द्याकडे गेला नाही. ज्याच्याकडे ग्रंथ गेला तो कालांतराने मुत्सद्दी झाला. या भेटीचा इतिहास दात्याच्या हस्ताक्षरावर उभा नाही. तो उभा आहे तो, ज्याने भेट घेतली त्याच्या सुमारे अर्धशतकानंतरच्या स्मरणावर आणि चरित्रकारांच्या निवेदनावर. आणि या दोहोंत एकवाक्यता नाही. या भिन्न निवेदनांचा अर्थ कसा लावावा, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

२

लेखाविना राहिलेल्या दानाचा विचार कसा करावा, याचा एक उत्तम वस्तुपाठ वसई तालुक्यातच सापडतो. केळुसकरांचे बुद्धचरित्र प्रसिद्ध होण्यापूर्वी सोळा वर्षे, म्हणजे १८८२ च्या एप्रिल महिन्यात, पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी सोपारा येथे 'बुरूड राजाचा कोट' या नावाने गावकऱ्यांस माहीत असलेल्या टेकाडाचे उत्खनन केले. ते टेकाड म्हणजे विटांनी बांधलेला बौद्ध स्तूप निघाला. त्याच्या गर्भात एक मोठा दगडी करंडक होता, त्यात तांब्याचा करंडक आणि त्याच्या पोटात एकात एक ठेवलेले चांदीचे, दगडाचे, स्फटिकाचे व सोन्याचे करंडक होते. सर्वांत आतल्या सोन्याच्या करंडकात मातीच्या भांड्याच्या तेरा खापऱ्या मिळाल्या. त्या बुद्धाच्या भिक्षापात्राच्या असाव्यात, असे भगवानलालांचे मत झाले. तांब्याच्या करंडकाभोवती आठ लहान ब्राँझच्या मूर्ती मांडलेल्या होत्या. हे सर्व अवशेष मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आले आणि भगवानलालांनी आपला वृत्तान्त सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला.

एवढ्या जपणुकीने ठेवलेल्या या दानावर दात्याचे नाव सांगणारा लेख मात्र नव्हता. काळाचा निर्णय करण्यास साधन होते ते करंडकात मिळालेले सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णी याचे चांदीचे नाणे. परंतु मूर्तींची घडण पाहता त्या नाण्याहून कित्येक शतकांनी अलीकडच्या ठरतात. याचा सरळ अर्थ असा की, एकाच स्तूपाच्या गर्भात निरनिराळ्या काळांचे थर एकत्र आले आहेत. नाणे खरे, म्हणून मूर्ती खोट्या ठरत नाहीत. मूर्ती उत्तरकालीन, म्हणून नाणे बाद होत नाही. प्रत्येक वस्तूचा काळ वेगळा ठरवावयाचा आणि त्या एकत्र का आल्या याचा शोध घ्यावयाचा, हीच येथील शास्त्रशुद्ध रीत होय.

याच्या उलट बाजूचा पुरावाही सोपाऱ्याचाच आहे. कार्ले येथील चैत्यगृहातील एका स्तंभावर सोपाऱ्याच्या सातिमित नावाच्या धर्मोत्तरीय भाणकाने दिलेल्या दानाची नोंद कोरलेली आहे. तेथे दाता कोण, कोठला, कोणत्या संप्रदायाचा आणि दिले काय, हे सर्व प्राकृतातील मोजक्या शब्दांत कळते. सोपाऱ्याच्याच परिसरात अशोकाच्या लेखांचे दोन खंड मिळाले. आठव्या लेखाचा खंड भगवानलालांस १८८२ मध्ये आणि नवव्या लेखाचा खंड १९५६ मध्ये भुईगाव येथे. आठव्या लेखाचा विषयच राजपुरुषाने विहार कसा करावा व दान कोणास द्यावे हा आहे. मृगयेच्या यात्रा टाकून राजाने धर्मयात्रा आरंभिल्या आणि त्यांत श्रमण, ब्राह्मण व वृद्ध यांची भेट घेऊन त्यांस दान देणे हे कर्तव्य मानले, असा त्याचा आशय आहे. म्हणजे दान आणि दर्शन, देणे आणि भेटणे, या दोन क्रिया या भूमीवरील अतिप्राचीन लेखातच शेजारी-शेजारी उभ्या आहेत.

सोपाऱ्याचे उत्खनन आणि केळुसकरांचा ग्रंथ यांना कार्यकारणभावाने जोडण्याचा येथे हेतू नाही. एवढे मात्र खरे की, दोहोंची पार्श्वभूमी एकच आहे. १८७९ मध्ये एडविन आर्नल्ड यांचे बुद्धविषयक इंग्रजी काव्य प्रसिद्ध झाले. हे आर्नल्ड पूर्वी पुण्याच्या कॉलेजात अध्यापक होते. त्याच वर्षी मॅक्सम्युलर यांच्या संपादकत्वाखाली पौर्वात्य धर्मग्रंथांची माला सुरू झाली आणि १८८१ मध्ये र्‍हिस डेव्हिड्स यांनी पाली टेक्स्ट सोसायटी स्थापन केली. कोकणच्या मातीतून बुद्धाचे अवशेष वर येत होते, त्याच सुमारास बुद्धाची वचने हस्तलिखितांतून छापखान्यात येत होती. परंतु हे सर्व इंग्रजीत, किंवा रोमन लिपीतील पालीत. मराठी वाचकाला आपल्या भाषेतून बुद्धाची सलग कथा वाचावयास मिळावी, ही गरज केळुसकरांच्या ग्रंथाने भागविली.

३

केळुसकर (१८६०–१९३४) हे वेंगुर्ल्याजवळच्या केळुस गावचे. मुंबईत शिक्षकी पेशात राहून त्यांनी चरित्रलेखनाचा मोठा व्यासंग केला. तुकारामाचे आणि बुद्धाचे चरित्र लिहिल्यानंतर त्यांनी लिहिलेले शिवाजी महाराजांचे विस्तृत चरित्र विशेष गाजले व त्याच्या आधारे ताकाखाव यांनी सिद्ध केलेला इंग्रजी ग्रंथ १९२१ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या दशकात हरि नारायण आपटे 'पण लक्षांत कोण घेतो?' लिहून मराठी वाचकास कादंबरीची गोडी लावीत होते, त्याच दशकात केळुसकर त्याच वाचकास चरित्राची गोडी लावीत होते.

आंबेडकर आणि केळुसकर यांच्या परिचयाचे स्थळ म्हणून चर्नी रोडच्या बागेचा उल्लेख धनंजय कीर यांनी केला आहे. शाळा सुटल्यावर मुलगा तेथे वाचीत बसे आणि केळुसकरही वाचावयास येत. हा मुलगा एल्फिन्स्टन हायस्कुलात शिकत होता. अस्पृश्य म्हणून त्यास संस्कृत शिकू दिले गेले नाही व दुसरी भाषा म्हणून फारसी घ्यावी लागली, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. तिचे महत्त्व या संदर्भात फार आहे. ज्या भाषेतून भारतीय धर्मविचाराचा मोठा भाग जाणून घ्यावयाचा, त्या भाषेचे दार शाळेने लावले होते. त्या मुलाच्या हाती भारतीय धर्मेतिहासाचा एक थोर अध्याय मराठीतून आला. केळुसकरांच्या भेटीचे मोल ठरविताना ग्रंथातील माहिती जितकी लक्षात घ्यावयाची, तितकीच ही भाषेची वाटही लक्षात घेतली पाहिजे.

आता साधनांचा विचार करू. कीर यांचे इंग्रजी चरित्र १९५४ मध्ये, आंबेडकर हयात असताना, प्रसिद्ध झाले. त्यांच्या निवेदनाप्रमाणे १९०७ मध्ये भीमराव मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाले, त्यांच्या अभिनंदनार्थ सभा भरली, अध्यक्षस्थानी सीताराम केशव बोले होते आणि केळुसकरांनी त्या प्रसंगी आपले बुद्धचरित्र भेट दिले. सामान्यतः हेच वर्ष सर्वत्र दिले जाते. स्वतः आंबेडकरांनी 'द बुद्ध अँड हिज धम्म' या ग्रंथासाठी १९५६ मध्ये जी प्रस्तावना लिहिली, तीत मात्र वेगळा तपशील आहे. त्यांच्या सांगण्याप्रमाणे प्रसंग इंग्रजी चौथीची परीक्षा उत्तीर्ण झाल्याचा होता आणि सभेचे अध्यक्ष केळुसकरच होते. मुलाच्या डोक्यात हवा जाईल म्हणून वडील रामजी सुभेदार यांचा सभेस विरोध होता. तेव्हा मंडळींनी वडिलांचे स्नेही म्हणून केळुसकरांस गाठले व त्यांच्या शब्दावरून वडील राजी झाले. भाषणाच्या शेवटी केळुसकरांनी ग्रंथ दिला. हा ग्रंथ त्यांनी बडोद्याच्या सयाजीराव प्राच्यमालेसाठी लिहिला होता, असेही आंबेडकर नमूद करतात.

विसंगती तीन ठिकाणी आहे : प्रसंग, अध्यक्ष आणि ग्रंथमाला. तीनही ठिकाणी निर्णय एकाच मापाने करता येत नाही.

ग्रंथमालेचा प्रश्न सर्वांत सोपा आहे. बडोद्याच्या प्राच्यग्रंथमालेचा पहिला ग्रंथ, राजशेखराची 'काव्यमीमांसा', १९१६ मध्ये निघाला. तेव्हा १८९८ मधील मराठी चरित्र त्या मालेतील असणे शक्य नाही. परंतु यावरून आंबेडकरांचे स्मरण अविश्वसनीय ठरविणे घाईचे होईल. सयाजीराव गायकवाड यांनी मराठी ग्रंथनिर्मितीस दिलेला आश्रय या मालेहून जुना आहे. त्या आश्रयाचे पुढे जे नाव जगभर झाले, तेच नाव स्मरणात जुन्या ग्रंथास चिकटले, एवढेच येथे घडलेले दिसते. सोपाऱ्याच्या करंडकाभोवतीच्या मूर्तींप्रमाणे हा थर नंतरचा आहे. तो नंतरचा म्हणून आतील वस्तू नंतरची होत नाही.

प्रसंगाचा प्रश्न अधिक कठीण आहे. त्या काळच्या पद्धतीत इंग्रजी सात इयत्ता झाल्यावर मॅट्रिक होत असे. त्यामुळे चौथी आणि मॅट्रिक यांत सुमारे तीन वर्षांचे अंतर पडते. आंबेडकरांचा जन्म १४ एप्रिल १८९१ चा. तेव्हा ग्रंथ मिळाला त्या वेळी त्यांचे वय कीर यांच्या निवेदनाप्रमाणे सोळा होते आणि स्वतःच्या स्मरणाप्रमाणे सुमारे तेरा. ग्रंथ १८९८ चा असल्याने दोन्ही काळ संभवनीय आहेत. मॅट्रिकच्या बाजूने असे म्हणता येईल की, सार्वजनिक सत्कारास शोभेल असा तो टप्पा होता. परंतु नेमक्या याच शंकेचे उत्तर आंबेडकरांनी आपल्या निवेदनात आधीच देऊन ठेवले आहे. इतर समाजांतील शिक्षणाच्या मानाने चौथी हा काही समारंभाचा विषय नव्हता. पण आपल्या समाजातून तेथवर पोचलेला पहिलाच मुलगा म्हणून मंडळींस त्याचे अप्रूप वाटले, असे ते सांगतात. ज्या स्मृतीला स्वतःतील विलक्षणपणाची जाणीव आहे आणि जी त्याचे कारण देते, ती केवळ अनवधानाची चूक म्हणून बाजूस सारता येत नाही. तेव्हा १९०७ हे वर्ष देताना त्याच्या शेजारी आंबेडकरांचे स्वतःचे निवेदन देणे हे अभ्यासकाचे कर्तव्य ठरते.

अध्यक्षाच्या बाबतीत कीर यांच्या निवेदनात बोले आणि केळुसकर दोघेही उपस्थित आहेत. आंबेडकरांच्या स्मरणात केवळ केळुसकर उरले. पन्नास वर्षांत अध्यक्षाचे नाव गळावे आणि दात्याचे राहावे, हे मानवी स्मृतीच्या स्वभावास धरूनच आहे. सभा, केळुसकर, बुद्धचरित्र आणि सर्वांसमक्ष झालेली भेट, एवढा गाभा दोन्ही निवेदनांत समान आहे. या गाभ्याला नाण्याची किंमत आहे.

४

या भेटीस कोणते नाव द्यावे, हाही प्रश्न इतिहासाच्या बाहेरचा नाही. मराठीत देण्याच्या क्रियेला अनेक शब्द आहेत आणि प्रत्येकात देणारा-घेणारा यांचे परस्परस्थान ठरलेले आहे. 'दान' या शब्दात पुण्य देणाऱ्याकडे जाते आणि घेणारा पात्र वा गरजू ठरतो. 'बक्षीस' वरून खाली येते; शाळाखात्याच्या बक्षीससमारंभात मिळणारे पुस्तक हे त्याचे परिचित उदाहरण होय. 'नजराणा' खालून वर जातो. 'अर्पण' या शब्दाला पूजेचा वास आहे. जे अर्पण करावयाचे ते मोठ्यास किंवा स्मृतीस. या सर्वांत 'भेट' हा एकच शब्द असा आहे की, ज्याचा एक अर्थ वस्तू देणे आणि दुसरा अर्थ समोरासमोर येणे. भेट देण्यासाठी भेटावे लागते.

हा केवळ कोशाचा विषय नाही. ज्या समाजात स्पर्शानेच काय, सावलीनेही विटाळ मानला जाई, त्या समाजातील मुलाच्या हातात एका ख्यातनाम ग्रंथकाराने भरसभेत आपला ग्रंथ ठेवला. त्या ग्रंथात जे होते ते पुढे वाचले गेले. ग्रंथ हातात ठेवण्याची कृती मात्र सभेने तत्क्षणी पाहिली. ती कृती दान म्हणून झाली असती तर दात्याची कीर्ती वाढली असती. बक्षीस म्हणून झाली असती तर संस्थेची. ती भेट म्हणून झाली, म्हणून वाचनाचा अधिकार गृहीत धरला गेला. धर्माच्या दानासारखे दुसरे दान नाही, हा अशोकाच्या अकराव्या लेखातील विचार येथे आठवतो. परंतु तो लेख राजाचा आहे. येथे देणारा एक शिक्षक आहे.

५

या भेटीचे फळ काय, याचे उत्तर देताना संयम हवा. शाळकरी वयात मिळालेला ग्रंथ आणि १४ ऑक्टोबर १९५६ चे नागपूरचे धर्मांतर यांत सरळ रेघ ओढण्याचा मोह होतो. परंतु त्या दोन टोकांमध्ये कोलंबिया व लंडन येथील अध्ययन आहे, १९२७ चा महाडचा संग्राम आहे, १९३५ ची येवल्याची घोषणा आहे आणि अनेक वर्षांचा तौलनिक धर्माभ्यास आहे. स्वतः आंबेडकरांचा दावा याहून मर्यादित, आणि म्हणूनच अधिक विश्वसनीय आहे. ते सांगतात ते इतकेच की, त्या ग्रंथामुळे पुढे बौद्ध वाङ्मयाकडे वळताना मन कोरे नव्हते. तुलना करण्यास पार्श्वभूमी तयार होती. ग्रंथ वाचल्यावर त्यांनी वडिलांस विचारले की, घरात रामायण-महाभारत वाचावयास लावता, मग बुद्धाचे वाङ्मय का दिले नाही? एका ग्रंथाने दुसऱ्या ग्रंथांविषयी प्रश्न निर्माण केला. ग्रंथभेटीकडून याहून अधिक अपेक्षा करणे अनुचित होय.

भेटीचे दुसरे फळ व्यावहारिक आहे. पुढे कॉलेजच्या शिक्षणास पैसा अपुरा पडू लागला, तेव्हा केळुसकरांच्याच शिफारशीने सयाजीराव गायकवाड यांच्याकडून दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. १९१३ मध्ये बडोद्याच्याच साहाय्याने आंबेडकर अमेरिकेस गेले. दादा केळुसकरांनी आधी ग्रंथ दिला आणि नंतर ग्रंथालयांचा मार्ग मोकळा करण्यास हातभार लावला.

या ऋणांची नोंद आंबेडकरांनी कोठे व कशी केली, हे पाहण्यासारखे आहे. १९२३ मध्ये प्रसिद्ध झालेला रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध त्यांनी आई-वडिलांच्या स्मृतीस अर्पण केला. १९२५ मध्ये प्रांतिक अर्थव्यवस्थेच्या विकासावरील ग्रंथ शिक्षणास केलेल्या साहाय्याबद्दल सयाजीराव महाराजांस अर्पण केला. डिकन्सने रसेल यांस केलेल्या अर्पणाच्या जातीचे हे अर्पण आहे : छापील, नामनिर्देशयुक्त, एका राजपुरुषास केलेले. पुढे १९४६ मध्ये शूद्रांवरील ग्रंथ जोतीराव फुले यांस आणि १९४८ मध्ये अस्पृश्यांवरील ग्रंथ नंदनार, रविदास व चोखामेळा यांच्या स्मृतीस अर्पण झाला. माता-पिता, आश्रयदाता, समाजगुरू, संत, असा हा क्रम आहे. ज्या शिक्षकाने पहिला ग्रंथ हाती दिला, त्याच्या ऋणाची सविस्तर नोंद त्यांनी केली ती १९५६ च्या प्रस्तावनेत. केळुसकर त्यापूर्वी बावीस वर्षे निवर्तले होते. येवल्याची घोषणाही त्यांनी पाहिली नव्हती.

आणि ती प्रस्तावनाही ग्रंथाबरोबर छापली गेली नाही. आंबेडकरांच्या निधनानंतर १९५७ मध्ये 'द बुद्ध अँड हिज धम्म' प्रसिद्ध झाला, तेव्हा पहिल्या आवृत्तीत तिचा समावेश नव्हता. पुढे भगवान दास यांनी ती प्रकाशात आणली. अर्थात या ग्रंथभेटीचा जो एकमेव विस्तृत लेख आहे, तो दात्याने लिहिलेला नाही, भेट दिली त्या दिवशी लिहिलेला नाही, आणि ज्या ग्रंथासाठी लिहिला त्या ग्रंथात आरंभी आलाही नाही. सोपाऱ्याच्या स्तूपात दात्याचे नाव नव्हते म्हणून भगवानलालांनी त्या दानाचा शोध थांबविला नाही. एकात एक ठेवलेले करंडक त्यांनी क्रमाने उघडले आणि प्रत्येक वस्तूला तिचा काळ विचारला. केळुसकरांच्या भेटीच्या बाबतीतही चरित्रकाराचे वर्ष, नायकाची स्मृती आणि मालेचे उत्तरकालीन नाव हे थर वेगवेगळे करून पाहिले म्हणजे आत जे उरते ते पुरेसे भक्कम आहे. एका शिक्षकाने, शाळेने ज्या मुलास एक भाषा नाकारली होती, त्याच्या हातात त्याच्याच भाषेतील ग्रंथ सर्वांसमक्ष ठेवला. आणि घेणाऱ्याने ते आयुष्याच्या अखेरच्या वर्षी लिहून ठेवले.